दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

१

फ्रिजचा प्लग निघाला की घरात सगळ्यांनी समजून जायचं, देसांका आता गाणं टिपणार.

त्या काळी निश शहरात ज्याच्या त्याच्या घरी हेच चालायचं. नवी रेकॉर्ड निघाली तरी ती बेलग्रेडमध्येच संपून जायची, इकडे पोचेपर्यंत गाणं शिळं झालेलं असे. म्हणून रविवारी दुपारच्या कार्यक्रमात नवा बँड लागणार असला की टीव्हीसमोर स्टूल, स्टुलावर कॅसेट रेकॉर्डर, त्याच्या पाठीशी घडी केलेली घोंगडी. फोनचा रिसीव्हर उशीखाली. फ्रिज गुरगुरतो म्हणून त्याचा प्लग बाहेर. मग गाणं संपेस्तोवर घरात कुणी मोठ्यानं श्वाससुद्धा घ्यायचा नाही. उन्हाळ्यात एकदा देसा प्लग परत लावायला विसरली होती आणि आठवड्याचं मांस नासलं होतं. आई अजून दर जेवणाला तो टोमणा वाढायची.

"तू बाहेर जा," देसा धाकट्या बहिणीला म्हणाली. "तुझी किल्ली वाजते."

झोराना सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. आई कापडगिरणीत पाळीला जाई, म्हणून शाळेत जायला लागल्यापासून झोरानाच्या गळ्यात घराची किल्ली दोऱ्यात ओवलेली असायची. पंधरा वर्षांची झाली तरी ती काढायला तयार नव्हती.

"मग किल्लीला बाहेर पाठव. मी बसणार."

"आई, हिला सांग ना काहीतरी!"

"मी कुणाला काही सांगत नाही," स्वयंपाकघरातून मिलुंका म्हणाली. भाजलेल्या लाल मिरच्यांचा ढीग तिच्यासमोर होता. सप्टेंबर होता, सगळ्या ब्लॉकच्या सगळ्या गच्च्यांतून तोच वास येत होता. "माझे हात सालींनी बरबटलेत. तुम्ही आधी एकमेकींचे गळे दाबून घ्या, मग हाक मारा. मी हात धुऊन येते."

निवेदकानं बँडचं नाव सांगितलं. मेमला. मेमला म्हणजे बंद घराला येतो तो कुबट वास. असलं नाव कोण ठेवतं, असं देसाच्या मनात आलं आणि तिनं बटण दाबलं.

गाणं फार सावकाश सुरू झालं. ढोलाचा आवाज असा, की कुणीतरी लाकडी फरशीवरून सपाता घासत चाललंय. गाणारी बाई करड्या स्वेटरमध्ये, हात पाठीमागे बांधून उभी. मधे एका जागी वाद्यं थांबली आणि नेमकी तेव्हाच झोराना शिंकली.

"बरी राहा गं, बाळ," आई सवयीनं म्हणाली.

देसानं सोफ्याकडे असं पाहिलं की झोरानानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. पण परत टीव्हीकडे वळताना देसाला जे दिसलं त्यानं तिचा राग जागच्या जागी गार पडला. गाणाऱ्या बाईनं मान वळवली होती. कॅमेऱ्याकडे नव्हे, वादकांकडेही नव्हे. जरा डावीकडे, खाली. सोफा होता तिकडे. ओठ बंद होते आणि आवाज चालूच होता.

टीव्हीवर सगळेच नुसते ओठ हलवतात, देसानं स्वतःला समजावलं. गाणं रेकॉर्डवरचं असतं. ही बाई हलवायला विसरली, इतकंच.

"या घरात तू नसतीस ना," गाणं संपल्यावर ती झोरानाला म्हणाली, "तर मला एक तरी गाणं धड मिळालं असतं."

"मी नसते तर तू फ्रिजशी भांडली असतीस," झोराना म्हणाली. "आणि हरली असतीस."

२

रेकॉर्डच्या दुकानातला गोयको गिऱ्हाईक आलं की आधी कंटाळायचा, मग बोलायचा.

"मेमला?" तो म्हणाला. "तुला कुणी सांगितलं आमच्याकडे आहे म्हणून?"

"कुणी नाही. टीव्हीवर ऐकलं."

"एक आलीय. मी मागवली नव्हती. परत पाठवायला काढून ठेवली होती." त्यानं गल्ल्याखालून ती काढली आणि दोन बोटांनी पुढे सरकवली. "घे आणि जा. रडत परत आणलीस तर घेणार नाही. आधीच सांगतोय."

"वाईट आहे का?"

"मी असलं ऐकत नाही, बाई. माझी आई आजारी असते."

याचा त्याचा काय संबंध, हे विचारायचं देसाला सुचलं ते बसमध्ये बसल्यावर. वेष्टनावर बँडचा फोटो नव्हता. लाकडी फरशीचा होता, माशाच्या काट्यासारखी तिरपी तिरपी बसवलेली पट्टी, प्रत्येकाच्या घरात असते तीच.

घरी कुणी नव्हतं. तिनं रेकॉर्ड लावली. टीव्हीवरचं गाणं पहिलंच होतं. सपाता घासत आल्या, बाई गायला लागली, वाद्यं थांबली.

शिंक आली.

"बरी राहा गं, बाळ."

देसा उभी होती ती खाली बसली. मग तिनं सुई उचलून पुन्हा ठेवली. शिंक. आईचा आवाज, स्वयंपाकघराच्या अंतरावरून आलेला, मागे चमचा पातेल्याला लागल्याचा.

तिनं डोकं शाबूत ठेवायचा प्रयत्न केला. रेकॉर्ड रविवारच्या आधी दाबून तयार झालेली असणार. म्हणजे शिंक मुळात गाण्यातच होती. टीव्हीनं ती ऐकवली आणि झोराना शिंकली असं आपल्याला वाटलं. बस. सुटला प्रश्न.

झोराना शाळेतून आली तशी देसानं तिला दारातच गाठलं. "रविवारी तू शिंकलीस की नाही?"

"अजून तेच? गुडघे टेकू का?"

"शिंकलीस की नाही, तेवढं सांग."

"शिंकले! कोर्टात लिहून देऊ?"

देसानं तिला गाणं ऐकवलं. झोरानाचा चेहरा क्षणभर उतरला आणि मग ती टाळ्या पिटायला लागली. "म्हणजे मी रेकॉर्डवर आले! आई गं, वर्गात सांगते उद्या."

आईनं कामावरून आल्यावर कोट न काढता ऐकलं. "यात काय आहे? शिंकल्यावर सगळ्या आया हेच म्हणतात."

"पण आवाज तुझा आहे."

"आवाज माझा, फरशी माझी, पातेलं माझं," आई म्हणाली. "अगं, सगळ्यांची घरं एकाच कंपनीनं बांधलीत, सगळ्यांनी पातेली एकाच दुकानातून आणलीत. तो पलीकडच्या ब्लॉकचा दारुडा आपल्या घरात शिरून सोफ्यावर झोपला होता, विसरलीस? त्याची किल्ली आपल्या दाराला लागली. सकाळी मलाच विचारत होता, तू कोण म्हणून."

तिघी हसल्या. हे खरंच होतं, तसं घडलं होतं. त्या हसण्यावर देसाला रात्री झोप लागली.

३

दुसऱ्या गाण्यात काच फुटायची. मोठ्यानं, आतल्या वाफेनं फुटावी तशी. लगेच आईचा आवाज ओरडायचा, "हलू नकोस! अनवाणी आहेस!" मग बाई पुढचं कडवं म्हणायची, जसं काही झालंच नाही.

देसानं ते ऐकलं आणि कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, पुन्हा आई म्हणणार, काच सगळ्यांचीच फुटते.

दुसऱ्या दिवशी आई मिरच्यांचं आयवार, हिवाळाभर पुरणारी चटणी, बरण्यांत भरत होती. बरणी तापवायला ठेवलेली, हे नेहमीचंच. झोराना बोटानं पातेलं चाटायला आत आली, आणि बरणी फुटली.

"हलू नकोस! अनवाणी आहेस!"

देसा दारातच होती. ती आईकडे बघत नव्हती, आईचं वाक्य तिला आधीच पाठ होतं. ती झोरानाच्या पायांकडे बघत होती आणि तरी एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. झोराना घाबरून मागे सरली. तळव्यात काच शिरली. आयवार कुठला आणि रक्त कुठलं ते फरशीवर कळेना.

"तू नुसती उभी काय राहिलीस?" काच काढताना आई देसावर खेकसली. "खांबासारखी! पुढे होऊन उचलायचं नाही तिला?"

"तिला मजा येत होती," झोराना रडत म्हणाली. "बघ ना तिच्याकडे. तिला ठाऊकच होतं जसं काही."

हे मात्र देसाच्या वर्मी लागलं. ठाऊक होतंच. त्या रेकॉर्डवर जे आहे ते झोरानाच्या वाट्याला येणार आहे, आणि ते थांबवू शकेल अशी घरात एकच व्यक्ती आहे. आणि ती व्यक्ती ऐन वेळी खांब होते.

शनिवारी आई बाजारात गेली, झोराना खाली बाकावर मैत्रिणींना पायाचं बँडेज दाखवत बसली. देसानं रेकॉर्ड उलटी केली आणि सुई थेट शेवटच्या गाण्यावर ठेवली.

वाद्यं नव्हतीच. एक खोली होती. खोली ऐकू येते हे देसाला त्या दिवशी कळलं. घड्याळ नाही, नळ नाही, तरी ती कुठली खोली हे कळत होतं. आणि मग दारावर थाप.

"देसा, दार उघड."

झोरानाचा आवाज.

"देसा, लवकर!"

सपाता फरशीवरून दाराकडे आल्या. दाराशी येऊन थांबल्या. दार उघडलं नाही. थापा वाढल्या, आता पंजे आपटत होते, उघडे पंजे, खालपासून वरपर्यंत, आणि आतली बाई, जी कुणी होती ती, तशीच उभी होती. तिचा श्वास ऐकू येत होता. देसानं हातातला रुमाल तोंडात कोंबला आणि सुई उचलली.

रेकॉर्ड आधी मोडेना, नुसती वाकली. गुडघ्यावर घेतल्यावर मोडली. तुकडे तिनं जिन्यातल्या कचऱ्याच्या भोकातून खाली टाकले. चार मजले ते भिंतींना आपटत गेले.

दाराशी थांबलेल्या त्या सपाता माझ्या नसतील, तिनं स्वतःला बजावलं. मी थांबणार नाही. झोराना थाप मारेल आणि मी दार उघडेन. एवढंच करायचंय. एवढं तरी जमेल.

"माझी शिंक होती त्यात!" रेकॉर्ड मोडल्याचं कळल्यावर झोराना किंचाळली. "तुझं काय होतं? तुझी नुसती जळफळ होते! आणि काल तू कॉलेजात असताना मी सगळी ऐकली, शेवटचं गाणं तर—"

"मला ऐकायचं नाही!" देसानं कान झाकले. "एक शब्द बोलू नकोस त्यावर!"

"मर," झोराना म्हणाली आणि त्यानंतर तिच्याशी बोलेनाशी झाली.

४

देसानं कॉलेज बुडवलं. आई दुपारच्या पाळीला गेली की ती दाराजवळच खुर्ची टाकून बसायची, मांडीवर पुस्तक, पान तेच. थाप पडली की धावायची. एकदा गॅसवाला दचकून दोन पायऱ्या मागे गेला. एकदा शेजारच्या स्तामेनाकाकू साखर मागायला आल्या आणि दार त्यांचा हात वर असतानाच उघडलं.

"अगं बाई! कुणाची वाट बघत्येस एवढी? नवरा येणारेय का?"

"कुणाची नाही, काकू."

"मग जरा केस तरी विंचर. नसलेल्या माणसासाठी एवढं धावू नये. तो यायचा एखादे दिवशी."

त्या आपल्याच बोलण्यावर हसत गेल्या. देसाला हसू आलं नाही.

शुक्रवारी दुपारी वारा पडला होता. बाहेर ऊन असून जिन्यात काळोख होता. देसानं खुर्चीत पाय पोटाशी घेतले होते, आणि थाप पडली.

"देसा, दार उघड."

ती उठली. चार पावलं टाकली आणि तिला स्वतःच्या सपाता ऐकू आल्या. अगदी तोच आवाज, डावी जरा जास्त घासणारी. दाराशी तिचे पाय आपोआप थांबले. श्वास थांबेना. म्हणजे ती मीच होते, तिला वाटलं. मीच उघडलं नव्हतं.

पंजे दारावर आपटायला लागले. खालपासून वरपर्यंत. वरच्या चौकटीपर्यंत. एवढ्या उंच झोरानाचा हात पोचत नाही, हे तिला दिसत होतं, कळत होतं, आणि तिच्या डोळ्यांपुढे मात्र रक्ताळलेला तळवा होता आणि आपण खांबासारख्या उभ्या होतो.

"देसा, लवकर!"

तिनं दार उघडलं.

जिन्यात कुणी नव्हतं. पायपुसणं सरळ होतं. लिफ्टची तार हलत नव्हती. कुबट वास आला, बंद घराचा, आणि तो बाहेरून आत आला. देसा तिथं काहीच नाही हे पाहत उभी होती आणि त्याच वेळी ती दारातून बाजूला सरली. कुणी आत येताना आपण सरतो तशी. कुणासाठी, ते तिला कळलं नाही. अंगच सरलं.

तिनं दार लावलं. बराच वेळ कडीवर हात ठेवून उभी राहिली. मग वळून दोन पावलं आत आली.

स्वयंपाकघराचं दार दुधी काचेचं होतं. ते उघडं असायचं, आता लावलेलं होतं. काचेमागे काहीतरी करडं उभं होतं. आईइतकंच उंच. हात दिसत नव्हते, पाठीमागे असावेत. देसा पाहत राहिली तसा त्याच्या वरच्या भागानं, जिथं डोकं असतं तिथं, हळूच दिशा बदलली. सोफ्याकडे. सोफा रिकामा होता. मग ते पुन्हा सरळ झालं.

देसा एक पाऊल मागे, बाहेरच्या दाराकडे सरली. काचेमागे एक पाऊल वाजलं. तिनं आणखी एक टाकलं. आत आणखी एक वाजलं, तिच्या पावलाला लागूनच. ती थांबली. ते थांबलं.

मी बाहेर पडले तर हे बाहेर पडेल, असं तिच्या मनानं फार शांतपणे सांगितलं. जिथं मी, तिथं हे. मीच घेतलंय ना आत.

५

लिफ्टचा खडखडाट आला. लिफ्टचं दार, लंगडी पावलं, आणि कुलपात किल्ली फिरली. देसानं जागच्या जागी हात लांब करून साखळी अडकवली. दार वीतभर उघडून अडकलं.

"हे काय?" फटीतून झोरानाचा अर्धा चेहरा दिसला. "साखळी का?"

"तू आता थाप मारलीस?"

बोलायचं नाही हे झोराना विसरली. "मी कशाला थाप मारू? किल्ली आहे ना माझ्याकडे. आत्ता येत्येय मी."

किल्ली. पहिलीपासून गळ्यात असलेली किल्ली. इतके दिवस दाराशी बसून तिनं सगळ्याचा विचार केला होता, एवढाच केला नव्हता.

"रेकॉर्डमध्ये तू दार ठोठावत होतीस," ती म्हणाली.

"रेकॉर्डमध्ये? छे. ती मी नव्हतेच. तू ऐकलंसच कुठं सगळं!" झोराना वैतागून दाराला रेलली. "ठोकणारी ठोकून ठोकून थकते आणि जिना उतरून जाते, पायऱ्या ऐकू येतात खालपर्यंत. मग लिफ्ट येते, किल्ली फिरते आणि मी आत येऊन म्हणते, 'दारात काय उभी आहेस भुतासारखी?' मग तू हसतेस. खूप वेळ हसतेस. छान होता शेवट. मला आवडला होता."

न उघडणारीच बरोबर होती, देसाला आता कळलं.

"काढ ना साखळी. पाय दुखतोय." आणि मग झोरानानं देसाच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "आई लवकर आली का आज?"

तिनं फटीतून हात हलवला.

देसानं मागे वळून पाहिलं नाही. जे काही पाठीमागे होतं, त्यानं हात परत हलवला असावा, कारण झोराना हसली.

"किल्ली दे," देसा म्हणाली.

"काय?"

"गळ्यातली. दे इकडे." तिनं फटीतून हात घालून दोरा धरला आणि ओढला. झोराना ओरडली, मान वाकवून ओरडली, पण दोरा जुना होता, तुटला. किल्ली देसाच्या मुठीत आली. बहिणीच्या अंगानं ती कोमट झाली होती.

"वेडी झालीस का? आई! आई, बघ ही काय करत्येय!"

"आईला हाक मारू नकोस." देसाच्या आवाजात इतकं विष होतं की झोराना गप्प झाली. "निघ इथून. मला तू नको आहेस या घरात. कधीच नको होतीस. गिरणीच्या फाटकाशी जा, आई सुटेपर्यंत तिथंच थांब, आणि तिला घेऊन मावशीकडे जा. इकडे यायचं नाही. दोघींनीही नाही. आलीस तर आयुष्यभर तोंड बघणार नाही तुझं."

"आई तर आत—"

"निघ!"

झोरानाचे डोळे भरले. मग तिचा चेहरा लाल झाला, हनुवटी पुढे आली. चिडली की ती आईसारखी दिसायची. ती चिडली, हे बघून देसाला रडूच येणार होतं. चिडलेली झोराना मागे फिरत नसे.

"बरं," झोराना म्हणाली. "राहा एकटी. कुज तिथंच. मेलीस तरी मी येणार नाही, लक्षात ठेव."

"लक्षात ठेवते."

देसानं दार लोटलं, कुलूप फिरवलं. लिफ्ट खाली निघाली. ती दाराला कपाळ टेकवून ऐकत राहिली. तिसरा मजला, दुसरा, पहिला. लिफ्टचं दार. फाटकाची स्प्रिंग. मग अंगणातल्या खडीवर लंगडी पावलं, एक जड, एक हलकं, गिरणीच्या बाजूला. ती ऐकू येईनाशी झाली तरी देसा आणखी थोडा वेळ ऐकत राहिली, कारण ऐकण्यासारखं तेवढंच होतं.

स्वयंपाकघराचं दार उघडल्याचा आवाज झाला नाही. पण टेबलाजवळची एक खुर्ची मागे ओढली गेली, बेतानं, फरशीवर ओरखडा उठू नये अशी. पाहुणी आल्यावर घरची बाई तिला बसायला ओढून देते, तशी.